रंग धरून कोंबड्या वाढवायच्या तर

तासगाव भागात कोंबड्या घरोघरी, पण रंग धरून पैदास करणारे थोडे. नवीन पोरगा आला की विचारतो, "देखणा कोंबडा कुठं मिळंल?" मी म्हणतो, बाबा, आधी तुझ्या तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, वेगळ्या कोंड. कोंबडीच्या पोटात नराचं बीज दोन-दोन आठवडे टिकतं. म्हणून जुन्या कोंबड्यापासून तोडल्यावर तीन आठवडे थांबायचं. तोवरची अंडी खा, विका, पण खुडूक कोंबडीखाली ठेवू नका. नाहीतर पिल्लाचा बाप कोण, यावर नुसतीच चर्चा.

शिकायला माझ्या मते एकच जोडी उत्तम: प्लायमाउथ रॉक जातीसारखी आडव्या पट्ट्यांची कबरी कोंबडी आणि एकरंगी काळा कोंबडा. पट्ट्यांचं जनुक झेड गुणसूत्रावर, म्हणजे नर-मादी ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असतं. कोंबड्यात दोन झेड, कोंबडीत एकच, आणि तोही तिला बापाकडून आलेला. त्यामुळं या जोडीचे नर पट्टेदार, माद्या काळ्या. नर पिल्लाच्या डोक्यावर पहिल्या दिवशीच पांढरा ठिपका दिसतो. जोडी उलटी लावून कोंबडा शुद्ध पट्टेदार घेतला, तर सगळीच पिल्लं पट्टेदार निघतात आणि नर-मादी ओळखायची सोय गेली!

राखाडी-निळ्या रंगाला गिऱ्हाईक आहे, पण निळ्याला निळा लावला तर सरासरी निम्मीच पिल्लं निळी. पाव काळी, पाव पांढुरक्यावर शिंतोडे उडालेली. सगळी निळी हवीत तर काळ्याला शिंतोड्यांचा लावा. आणि कडकनाथ पिसावरून घेऊ नका. त्यात सोनेरी झाक असलेलेही असतात, काळेपण बघायचं ते कातडीत.

जोडी लावायच्या आधी जंताचं औषध द्या, पंखाखाली उवा बघा, शिंपल्याचा चुरा चालू करा. कोंबड्याची नखं आणि पायामागचा काटा घासून बोथट करा, नाहीतर माद्यांच्या पाठी सोलून निघतात. आठ-दहा माद्यांमागं एक नर पुरे. एप्रिल-मेच्या उन्हात आमच्याकडं कोंबडे मरगळतात आणि निम्मी अंडी फुसकी जातात, म्हणून मी दिवाळीनंतरच जोड्या लावतो.

अंडी निमुळतं टोक खाली करून सावलीत ठेवा, आठवड्यापेक्षा जुनी उबवू नका. सातव्या रात्री बॅटरीवर धरा, आत शिरा दिसल्या तर जीव धरलाय. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघाली की जोडीप्रमाणं पायात वेगवेगळ्या रंगाची कडी घाला. डालग्याखाली एकदा मिसळली की मग काही कळत नाही.