कर्नल अपडेट झालं आणि ट्रेसिंग टूल बिघडलं? या चुका टाळा

बीसीसी म्हणजे लिनक्स कर्नलच्या आत काय चाललंय ते बीपीएफ नावाच्या छोट्या प्रोग्रॅमांनी बघणारी टूल लिहायचा संच, आणि हे प्रोग्रॅम टूल चालवताना कंपाइल होतात. त्यावर लिहिलेलं टूल नव्या कर्नलवर कंपाइलच झालं नाही तर उलट बरं समजा, निदान कुठे अडलंय ते कळतं. घात होतो तो टूल गपगुमान चालू राहिलं की. हेडर (कर्नलच्या आतल्या रचनांच्या व्याख्या असलेल्या फाइली) जुने, कर्नल नवं, स्ट्रक्टमधला ऑफसेट म्हणजे फील्डची जागा सरकलेली, प्रोब रीड (कर्नलच्या मेमरीतून वाचणं) मात्र यशस्वी, आणि स्क्रीनवर जे आकडे येतात ते खरे धरून आपण सर्व्हरचे निर्णय घेतो.

म्हणून आधी यूनेम -आर या कमांडने चालू कर्नलचं व्हर्जन बघा आणि हेडर नेमके त्याच व्हर्जनचे आहेत का ते तपासा. पॅकेज अपग्रेड झालंय पण रीबूट केलेलं नाही, हे फार वेळा सापडतं. कंटेनरमध्ये तर हमखास गोंधळ, कारण कर्नल होस्टचं असतं आणि लोक हेडर कंटेनरच्या डिस्ट्रोचे टाकतात, होस्टचे माउंट करा ना.

दुसरी चूक म्हणजे व्हर्जन नंबरवर इफ-एल्स लिहिणं, आणि ही कृपा करून सोडाच. आरएचईएल ८ (रेड हॅटचं लिनक्स) चं कर्नल स्वतःला ४.१८ म्हणवतं पण त्यात बीपीएफचं कितीतरी नंतरचं काम बॅकपोर्ट केलेलं, म्हणजे मागून आणून बसवलेलं आहे, मग तुमची अट चुकीच्या फांदीला जाते. २०२१ मध्ये ४.४ आणि ४.९ या सिरीज .२५६ ला पोचल्या तेव्हा व्हर्जन कोडमधला शेवटचा आकडा ८ बिटांत मावेना, तो २५५ वरच थांबवावा लागला.

लिनक्समध्ये सिस्टम कॉल जपतात पण आतल्या स्ट्रक्ट-फंक्शनची कुणी हमी दिलेली नाही. ४.१७ मध्ये एक्स८६-६४ वर सिस्टम कॉलच्या आतल्या फंक्शनांची नावं बदलली, ५.१४ मध्ये टास्क_स्ट्रक्टमधल्या स्टेटच्या नावाच्या सुरुवातीला दोन अंडरस्कोअर आले, ५.१७ मध्ये ब्लॉक रिक्वेस्टमधलं आरक्यू_डिस्क गेलं. केप्रोब (कर्नलच्या कुठल्याही फंक्शनला लावता येणारा सापळा) लावलेलं फंक्शन सगळीकडे इनलाइन झालं तर ते कॅलसिम्समध्ये, म्हणजे कर्नलमधल्या नावांच्या यादीत, दिसतही नाही, त्यामुळे ट्रेसपॉइंट (कर्नल लिहिणाऱ्यांनीच ठेवलेली निरीक्षणाची जागा) असेल तर तोच घ्या, केप्रोबपेक्षा तो खूप टिकतो, पण त्यालाही अमरपट्टा नाही, शेड_स्विचचे आर्ग्युमेंटसुद्धा बदललेत.

मग करायचं काय, तर चालू कर्नललाच विचारायचं. बीटीएफ म्हणजे कर्नलने स्वतःच्या स्ट्रक्टची ठेवलेली माहिती. सिस-कर्नल-बीटीएफ खाली व्हीएमलिनक्स फाइल असेल तर को-आरई (एकदा कंपाइल करून वेगवेगळ्या कर्नलवर चालवायची पद्धत) वापरा, लोड होताना लिबबीपीएफ ही लायब्ररी ऑफसेट स्वतः जुळवून घेते. फील्ड आहे की नाही ते बीपीएफ_कोर_फील्ड_एक्झिस्ट्सने विचारा आणि जुन्या रूपासाठी स्ट्रक्टच्या नावाच्या शेवटी तीन अंडरस्कोअर आणि पुढे एखादा शब्द लावून दुसरी व्याख्या लिहा, ते शेपूट नाव जुळवताना धरलं जात नाही. बीपीएफटूल या कमांडने बीटीएफमधून काढलेल्या व्हीएमलिनक्स हेडरमध्ये मॅक्रो नसतात, ते स्वतः लिहावे लागतात, इथे बरेच जण अडकतात. बीटीएफ नसेल आणि हेडरचं पॅकेजही मिळत नसेल तर सिस-कर्नलमध्ये केहेडर्सची (कर्नलसोबतच ठेवलेल्या हेडरची) टारफाइल आहे का बघा, ५.२ पासून ही सोय आहे, फक्त कर्नल बिल्ड करताना आयकेहेडर्स हा पर्याय ऑन ठेवलेला हवा.