टीटीच्या रस्त्यावर कॅमेरा घेऊन उभं राहण्याआधी

सर्किटवर रेसिंगचे फोटो काढायची सवय असेल तर आइल ऑफ मॅनला निघण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. सर्किटवर एका वळणावर मन भरलं की आपण उठतो आणि चालत दुसऱ्या वळणावर जातो. टीटीत, म्हणजे ब्रिटन आणि आयर्लंडच्या मधल्या या बेटाच्या सार्वजनिक रस्त्यांवर होणाऱ्या टूरिस्ट ट्रॉफी या मोटरसायकल शर्यतींत, तसं जमत नाही. रस्ता एकदा शर्यतीसाठी बंद झाला की तो वाटेल तिथे ओलांडता येत नाही, आणि ज्या बांधावर बसलात तिथे कधी कधी चार-पाच तास काढावे लागतात. त्यात एक फेरी ६०.७ किलोमीटरची. सगळ्यात वेगवान रायडरसुद्धा तुमच्यासमोरून साधारण सोळा-सतरा मिनिटांनी एकदाच जातो. सहा फेऱ्यांच्या शर्यतीत तो सहा वेळा दिसेल, तीन फेऱ्यांच्या शर्यतीत तीन वेळा, आणि दर वेळी डोळ्यांसमोर एक-दोन सेकंद. म्हणून माझी यादी कॅमेऱ्यापासून सुरू होत नाही, जागेपासून सुरू होते.

त्याआधी प्रवासाचं उरकून घेऊ. स्पर्धा मे महिन्याच्या शेवटी सुरू होते आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात संपते. आधी सराव आणि पात्रता फेऱ्या, मग शर्यती. या दिवसांतल्या इंग्लंडमधल्या हेशॅम आणि लिव्हरपूलहून डग्लसला, म्हणजे बेटाच्या राजधानीला, जाणाऱ्या बोटी फार लवकर भरतात, म्हणून बोटीचं तिकीट आणि राहायची जागा या दोन गोष्टी महिनोन् महिने आधी ठरवाव्या लागतात. हॉटेल मिळालं नाही तर बेटावरची कुटुंबं या काळात घरातल्या खोल्या भाड्याने देतात, तंबूच्या जागाही असतात. बेटाचा स्वतःचा पौंड आहे, किंमत ब्रिटिश पौंडाइतकीच. पण परतताना मँक्स (म्हणजे बेटाच्या) नोटा बदलून घ्या, बाहेर त्या बरेच जण घेत नाहीत. मोबाइलचं सिम ब्रिटनचं असलं तरी बेटावर रोमिंगचे वेगळे पैसे लागू शकतात. तेवढं आधी विचारून ठेवा, आणि नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या.

आता जागा. नकाशा समोर पसरा आणि रायडर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने जातात हे लक्षात ठेवून बोटाने एक फेरी मारा. डग्लसच्या ग्लेनक्रचरी रोडवरून सुटले की ब्रे हिलचा उतार, क्वार्टरब्रिज, मग पश्चिमेला क्रॉसबी आणि ग्रीबा, बॅलाक्रेनला उजवीकडे वळून ग्लेन हेलनची झाडी, कर्क मायकल, बॅलाफ ब्रिज, सल्बीचा लांबलचक सरळ रस्ता, रॅम्झी, आणि तिथून डोंगर चढून बंगलो, विंडी कॉर्नर, केट्स कॉटेज, क्रेग-नी-बा करत परत डग्लस. प्रत्येक जागेसमोर दोन गोष्टी लिहा: ऊन कुठल्या वेळी कुठून येईल, आणि तुम्ही वर्तुळाच्या आत अडकणार की बाहेर. रायडरच्या उजव्या हाताला आतली बाजू. आत बसलात तर रस्ता उघडेपर्यंत बहुधा आतच. डग्लसचा समुद्रकिनारा बाहेरच्या बाजूला आहे, त्यामुळे बाहेरच्या बाजूची जागा निवडली तर शर्यत लांबली तरी खोलीवर पोचता येतं.

उन्हाचा हिशेब नीट करा, कारण जूनमध्ये तिथे सूर्य रात्री साडेनऊनंतर मावळतो आणि बऱ्याच सराव फेऱ्या संध्याकाळी होतात. क्रॉसबीकडून ग्रीबाकडे जाताना रायडर पश्चिमेला तोंड करून असतात. संध्याकाळचं उतरतं ऊन थेट त्यांच्या डोळ्यांवर येतं, त्यांना ते नकोसं होतं. पण तुम्ही पुढे बसून मागे वळून बघत असाल तर सूर्य तुमच्या पाठीशी असतो आणि हेल्मेट, नंबर, हातमोजे सगळं सोन्यासारखं उजळतं. सल्बीला उलट. तिथे रायडर पूर्वेला निघालेले असतात, ऊन त्यांच्या पाठीमागून येतं आणि हेल्मेटला नुसती कड मिळते. केट्स कॉटेजकडून क्रेग-नी-बाकडे उतरणारा रस्ता साधारण दक्षिणेला येतो, तिथे दुपारीही समोरून प्रकाश मिळतो. ग्लेन हेलनच्या झाडीत ऊन-सावलीचे ठिपके असतात. कॅमेऱ्यावर सोडलंत तर एक फ्रेम पांढरी आणि पुढची काळी येईल. तिथे एक्स्पोजर हाताने पक्कं करा.

हे सगळं कागदावर झालं की जागा प्रत्यक्ष बघून या, रस्ते खुले असताना. टीटीच्या काळात डोंगरावरचा रस्ता रॅम्झीहून डग्लसकडे एकदिशा असतो, म्हणून बघायला निघाल तर रॅम्झीकडून निघा. जागेवर उभं राहून चार गोष्टी तपासा. पार्श्वभूमी काय आहे: पांढरी भिंत, गाड्यांची रांग, की गॉर्सच्या पिवळ्या फुलांचा उतार? बाइक किती अंतरावरून दिसायला लागते? झाडाची फांदी मध्ये येते का? आणि मनाई असलेल्या जागेची पाटी आहे का? ही शेवटची गोष्ट चर्चेची नाही. धोकादायक जागा दर वर्षी जाहीर होतात, पाट्या लागतात, आणि गेल्या वर्षी चालत होती ती जागा या वर्षी बंद असू शकते. पत्रकार म्हणून ओळखपत्र हवं असेल तर आयोजकांकडे खूप आधी अर्ज करावा लागतो. प्रेक्षक म्हणून जात असाल तर कुंपणाच्या, बांधाच्या मागेच. ड्रोन घरी ठेवा.

एक दिवस गाडीशिवाय जायची आखणी ठेवा. डग्लसहून लॅक्सीमार्गे रॅम्झीला जुनी इलेक्ट्रिक ट्राम जाते, ती किनाऱ्याने जाते म्हणून रस्ते बंद असले तरी उपयोगी पडते. लॅक्सीहून स्नेफेलची डोंगरी रेल्वे बंगलोपर्यंत नेते. बंगलोला झाड नाही, आडोसा नाही, फक्त आकाश आणि रस्ता, आणि म्हणूनच बाइक फार सुंदर दिसते. पण डोंगरावर कोर्स समुद्रसपाटीपासून ४०० मीटरहून वर जातो. खाली डग्लसला ऊन असताना वर धुकं असू शकतं. मँक्स लोक त्याला मॅनॅनन देवाची चादर म्हणतात. बचावाचं हेलिकॉप्टर उडू शकत नसेल तर शर्यत होत नाही. वाऱ्यानेही शर्यती जातात, २०२५ ची सीनियर टीटी ही मुख्य शर्यत त्यामुळेच रद्द झाली. म्हणून सगळ्यात आवडती जागा शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवू नका. मिळेल त्या पहिल्या चांगल्या दिवशी तिथे जा.

बॅगेत काय घ्यायचं ते निवडलेल्या जागेवरून ठरतं. बांधावर बसून बाइक दोन-तीन मीटरवरून जाणार असेल तर लांब लेन्सचा उपयोग नाही, २४-७० मिमीची पुरते. बहुतेक जागांना ७०-२०० पुरते, आणि डोंगरावर किंवा क्रेग-नी-बाला १००-४०० हवी. कॅमेऱ्याच्या दोन बॉडी असतील तर दोन्हींवर आधीच वेगवेगळ्या लेन्स लावून ठेवा, कारण धुळीत आणि वाऱ्यात लेन्स बदलणं मला कधीच पटलेलं नाही. ट्रायपॉड नको, मोनोपॉड चालेल. तीन बॅटऱ्या, चार कार्डं, लेन्स पुसायचं कापड (किडे काचेवर येऊन चिकटतात), कॅमेऱ्यासाठी पावसाचं आवरण, बसायला जाड चटई, कानात घालायचे बोळे, थर्मास, दिवसभराचं खाणं. जूनमध्येही वारा न शिरणारं जाकीट घ्या. लाल आणि पिवळे भडक कपडे मी नेत नाही. मार्शलच्या (रस्त्याकडेला उभं राहून शर्यतीवर लक्ष ठेवणाऱ्या स्वयंसेवकाच्या) हातातल्या झेंड्यांचे तेच रंग आहेत आणि रायडरला नजरेच्या कोपऱ्यातून काय दिसेल ते सांगता येत नाही. फ्लॅश बॅगेतसुद्धा नको. आणि एक छोटा रेडिओ नक्की घ्या. मँक्स रेडिओवर धावतं वर्णन चालू असतं, ग्लेन हेलनला कोण पुढे आहे ते ऐकलं की रॅम्झीला बसलेल्या माणसाला कोणासाठी तयार राहायचं ते कळतं. रायडर दहा-दहा सेकंदांनी एकेक सुटतात, त्यामुळे पहिल्या फेरीत नंबरांचा क्रम बराचसा तसाच राहतो. सुरुवातीची यादी कागदावर लिहून कॅमेऱ्याच्या पट्ट्याला चिकटवा.

आता हात. या भागाला सगळ्यात जास्त वेळ द्या, आणि तो निघण्याआधी घरी द्या. साधं गणित बघा. बाइक ताशी २९० किलोमीटरने जात असेल तर सेकंदाला ८० मीटर जाते. १/१००० सेकंदाच्या शटरला ती आठ सेंटिमीटर सरकते, १/२५० ला बत्तीस. कॅमेरा सेकंदाला वीस फ्रेम काढत असला तरी दोन फ्रेमच्या मध्ये बाइक चार मीटर पुढे गेलेली असते, म्हणजे जवळजवळ दोन बाइकची लांबी. बोट दाबून ठेवलं की मधलं काहीतरी मिळेलच हा भरवसा इथे चालत नाही. पहिल्या वर्षी मी ग्रीबाच्या अलीकडे एका बांधावर बसलो होतो. आवाज आला, बांध थरथरला, वाऱ्याचा धक्का तोंडावर बसला, आणि मी बोट उचललं तेव्हा कार्डावर चौदा फ्रेम रिकाम्या रस्त्याच्या होत्या. डोळा सरावला नव्हता, अंग दचकत होतं. म्हणून जागेवर पोचल्यावर पहिल्या सात-आठ बाइक कॅमेरा खाली ठेवून नुसत्या बघा. आवाज कधी येतो, बाइक कुठे दिसते, कुठल्या ठिकाणी ती आडवी होते, ते अंगात मुरू द्या.

पॅनिंगसाठी, म्हणजे बाइकसोबत कॅमेरा फिरवत फोटो काढण्यासाठी, पाय अशा दिशेला रोवा जिथे शटर दाबायचं आहे. मग कमरेतून मागे वळा, बाइक दिसली की फ्रेममध्ये पकडा आणि कंबर सोडवत सोबत या. शटर दाबल्यावरही हात थांबवू नका, बाइक दिसेनाशी होईपर्यंत फिरत राहा. कोपरं छातीला. लेन्सला पॅनिंगचा स्टॅबिलायझर मोड असेल तर तोच. सुरुवात १/५०० ने करा, जमलं की १/२५०, मग १/१२५. १/१००० च्या वर गेलात तर चाकाचे आरे गोठतात आणि ताशी २५० ने जाणारी बाइक दारात उभी केल्यासारखी दिसते. समोरून येणाऱ्या बाइकला मात्र १/१६०० किंवा त्याहून जास्त लागतं. फोकस सततचा ठेवा, त्यासाठी बटण कॅमेऱ्याच्या पाठीमागचं, आणि निशाणा हेल्मेटवर किंवा नंबरवर. झाडीतून अचानक बाहेर येणाऱ्या बाइकसाठी रस्त्यावरच्या एखाद्या डागावर फोकस आधीच लावून ठेवा आणि तिची वाट बघा. निघण्याआधी एखाद्या रहदारीच्या रस्त्याकडेला सुरक्षित उभं राहून रोज दोनशे फ्रेम काढा. वेग कमी असला तरी कंबर तीच शिकते.

बॅलाफ ब्रिजला वेगळं. पूल उंटाच्या पाठीसारखा आहे, रायडर तिथे बराच वेग कमी करून येतो, दोन्ही चाकं उचलली जातात. चाकं हवेत असताना पुढचे फोर्क पूर्ण लांब झालेले असतात, चेन खाली सैल लोंबते, रायडर पायांवर उभा असतो आणि मागचं चाक आधी टेकतं. ती सैल चेन फोटोत दिसली पाहिजे. त्यासाठी जमिनीलगत बसायला मिळेल अशी जागा शोधा, १/८०० च्या आसपास ठेवा म्हणजे चाक थोडं फिरतं दिसेल. ब्रे हिलच्या तळाशी याच्या उलट होतं: सस्पेन्शन पूर्ण दबतं, बाइक रस्त्याला चिकटल्यासारखी होते, आणि लगेच पुढे जुन्या काळातला नामांकित रायडर जियाकोमो अगोस्तिनी याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उंचवट्यावर पुढचं चाक उचलतं. साइडकारसाठी सरावाच्या दिवशीच पॅसेंजर कुठे आणि कुठल्या बाजूला बाहेर झुकतो ते बघून ठेवा. तो माणूस चौकटीत नसेल तर साइडकारचा फोटो झालाच नाही.

शर्यतीच्या दिवशी रस्ता बंद होण्याच्या निदान दीड तास आधी जागेवर असा. मार्शलला नमस्कार करा, कुठे बसलं तर चालेल ते विचारा. ही माणसं स्वतःचा वेळ देऊन दिवसभर उभी असतात. पट्टा, लेन्सचं झाकण, टोपी, मोबाइल, काहीही बांधापलीकडे लोंबू देऊ नका. पाय तर नाहीच. आकाशात हेलिकॉप्टर ऐकू आलं की आघाडीचा रायडर जवळ आला समजा. पहिल्या फेरीचा शेवटचा रायडर गेला की काही मिनिटं मोकळी मिळतात, तेवढ्यात लेन्स पुसा, बॅटरी बघा, दोन फ्रेम मोठ्या करून तपासा. सगळ्या बघत बसू नका.

आणि एक तयारी मनाची. या कोर्सवर आजवर २५० हून अधिक स्पर्धकांचा जीव गेला आहे. तुमच्यासमोर कोणी पडलं तर कॅमेरा खाली घ्या, मार्शल सांगेल ते करा, सरकायला सांगितलं तर सरका. काही टिपलं गेलंच असेल तर ते कोणालाही पाठवू नका. त्या रायडरचं माणूस बेटावरच कुठेतरी रेडिओ लावून बसलेलं असतं.

शर्यत संपली तरी लगेच उतरू नका. रस्ता उघडल्याची पाटी लावलेली गाडी जाऊ द्या. खोलीवर पोचलात की आधी कार्डं दोन ठिकाणी उतरवा, मग जेवा. नंबरवरून रायडरची नावं त्याच रात्री लिहा, आठवड्याने सगळी काळी हेल्मेटं सारखी दिसतात. बॅटऱ्या चार्जिंगला लावा, ओले बूट वाळत ठेवा, आणि उद्याच्या रस्ते बंद होण्याच्या वेळा झोपण्याआधी पुन्हा एकदा बघा. हवामानामुळे त्या संध्याकाळी बदललेल्या असतात.