जुनी फॉर्म्युला फोर्ड घेतलीत? मग या चुका टाळा

मी इंग्लंडमध्ये जुन्या रेसिंग कारचं काम करतो. हिवाळा संपून सीझन तोंडावर आला की मला तेच ते फोन सुरू होतात. कॉव्हेंट्री-बर्मिंगहॅमच्या बाजूला नोकरीला आलेली पुण्या-नाशिकची बरीच मुलं हल्ली हौसेने जुन्या सिंगल-सीटर, म्हणजे एकाच सीटच्या रेसिंग कार, घेतात. याचा मला मनापासून आनंद आहे, कारण क्लासिक रेसिंगमध्ये शिरायला फॉर्म्युला फोर्डपेक्षा परवडणारी वाट नाही. पण गाडी शनिवारी दारात येते आणि रविवारी ट्रॅकवर न्यायची असते. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! पुढच्या जवळजवळ सगळ्या चुका या घाईतूनच येतात.

आधी गाडी कशी आहे ते समजून घ्या. रेसिंग शाळांना स्वस्त आणि दणकट गाडी हवी होती, त्यातून फॉर्म्युला फोर्ड हा शर्यतींचा वर्ग निघाला. पहिली शर्यत २ जुलै १९६७ ला ब्रँड्स हॅचवर झाली. इंजिन फोर्डच्या कॉर्टिना गाडीचं, चॅसिस (सांगाडा) पोलादी नळ्यांची, पंख नाहीत आणि गाडीची किंमत १००० पौंडांच्या आत ठेवायची, असा नियम. जेम्स हंट, एमर्सन फिटिपाल्डी, जोडी शेक्टर हे तिघेही जगज्जेते या वर्गातून वर गेले. इंजिन साधं म्हणून त्याला कमी लेखू नका. याच घराण्याच्या ब्लॉकवर कॉसवर्थच्या कीथ डकवर्थने १६०० सीसीचं एफव्हीए इंजिन केलं, आणि त्या अनुभवावर पुढे फॉर्म्युला वनचं डीएफव्ही इंजिन उभं राहिलं, ज्याने १५५ ग्रां प्री जिंकल्या.

आता माझ्या डोक्यात जाणारी पहिली चूक: थंड गाडीचं ऑइल बघून वरून ओतणं.

तुमच्या रोजच्या गाडीचं ऑइल इंजिनखालच्या सम्पमध्ये, म्हणजे तळाच्या भांड्यात, असतं. यातल्या बहुतेक गाड्यांना ड्राय सम्प असतो, म्हणजे ऑइल वेगळ्या टाकीत. एक पंप ते टाकीतून बेअरिंगला दाबाने देतो आणि दुसरा इंजिनच्या तळाशी गोळा झालेलं ऑइल ओढून परत टाकीत टाकतो. असं करायला कारण आहे. लांब वळणावर साध्या सम्पमधलं ऑइल एका बाजूला चढतं, पंप हवा ओढतो आणि बेअरिंग जातं. शिवाय सम्प उथळ झाला की इंजिन खाली बसवता येतं.

गाडी आठवडाभर उभी राहिली की टाकीतलं ऑइल पंपातून झिरपत इंजिनमध्ये उतरतं. नवखा माणूस झाकण उघडतो, टाकी अर्धी रिकामी दिसते, आणि तो दीड-दोन लिटर ओततो. इंजिन चालू झालं की तळाशी साठलेलं सगळं ऑइल परत टाकीत येतं. मग ते ब्रीदरवाटे (हवा सुटायच्या नळीतून) बाहेर, सांडलेलं ऑइल धरणारा कॅच टँक भरून मागच्या टायरवर. तुम्ही तर गोल फिरताच, पण मागून येणारे चौघेही त्याच ऑइलवर फिरतात. ट्रॅकवर ऑइल सांडणाऱ्याला पॅडॉकमध्ये पुन्हा कोणी आपुलकीने विचारत नाही.

माझी पद्धत ठरलेली आहे. गाडी पूर्ण गरम करायची, बंद करायची आणि लगेच टाकी बघायची. थंड गाडीत एक थेंब घालायचा नाही. हिवाळाभर उभी असेल तर चारही स्पार्क प्लग काढून, ऑइल प्रेशरचा काटा वर येईपर्यंत नुसता स्टार्टर मारायचा. प्लग लावायचे ते त्यानंतर. चालू झाल्यावर पाणी तापलं म्हणून ऑइल तापलं असं धरू नका, त्याला बराच जास्त वेळ लागतो. तोवर २००० आरपीएमच्या आसपास धरून ठेवा. थंड इंजिन घुमवून मित्रांना आवाज ऐकवणाऱ्यांचं काम मी घेत नाही.

दुसरी चूक: काहीही बिघडलं की कार्ब्युरेटरला हात घालणं.

नाशिकच्या एका मुलाची गाडी. आयडलिंग उत्तम, पिटमधून सुटताना उत्तम, आणि दोन-तीन लॅप झाल्या की लांब सरळ रस्त्यावर दम तोडायची. पाच मिनिटं उभी केली की पुन्हा ठणठणीत. कोणीतरी त्याला सांगितलं, मिश्रण लीन आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. त्याने वेबर ३२/३६ डीजीव्ही कार्ब्युरेटरचा मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारं छिद्र) एक नंबर मोठा घातला, मग अजून एक, मग अजून. माझ्याकडे आला तेव्हा प्लग काजळीने काळे होते, ऑइलला पेट्रोलचा वास येत होता, आणि पहिला प्रश्न होता, “दादा, अजून एक साइज मोठा घालू का?”

मी कार्ब्युरेटरकडे बघितलंच नाही. कॉइलची वायर काढली, फायर एक्स्टिंग्विशर जवळ घेतला, कार्ब्युरेटरला येणारी पेट्रोलची नळी सोडून बाटलीत धरली आणि त्याला स्टार्टर मारायला लावला. सुरुवातीला जोरदार धार, मग बारीक, मग थेंब थेंब. फिल्टर उघडला तर आत पिवळा चिकट चुरा. सुरक्षेसाठी पेट्रोलच्या टाकीत स्पंजासारखा फोम भरलेला असतो, तो जुना झाला की झडतो. या टाकीतला तुकडा बोटांत चोळला तर त्याचं पीठ झालं. फुल थ्रॉटलला पेट्रोल जास्त लागतं, ओढ लागली की चुरा फिल्टरवर बसतो. गाडी थांबली की थोडा सुटतो. म्हणून ती विश्रांती घेऊन बरी झाल्यासारखी वाटत होती. फोम बदलला, नळ्या बदलल्या, मूळचा जेट परत घातला आणि गाडी पळाली. मात्र जास्तीच्या पेट्रोलने सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेलं होतं, तो बोअरचा, म्हणजे सिलिंडर दुरुस्तीचा, खर्च वेगळा झाला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी इग्निशन, मग पेट्रोलचा प्रवाह, मग कार्ब्युरेटरमधल्या फ्लोटची (तरंगत्या गोळ्याची) लेव्हल, आणि जेट सगळ्यात शेवटी. इग्निशनचे पॉइंट्स आणि कंडेन्सर बदलल्यावर ‘कार्ब्युरेटरचे’ निम्मे आजार जातात.

पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या न बघता काढून टाका. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० (१० टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं) आहे आणि त्यातलं इथेनॉल जुनं रबर खातं.

चॅसिसला पावडर कोटिंग करू नका. फोटोत सुंदर दिसतं हे मान्य. पण तो जाड थर खालच्या तड्यावर ताणून बसतो, आणि विशबोनच्या (चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या दांड्यांच्या) ब्रॅकेटपाशी गेलेला केसाएवढा तडा दिसायला हवा तेव्हा दिसत नाही. पातळ रंग लावा, तो तड्याबरोबर तडकतो. विशबोन चकचकीत प्लेटिंगला देणार असाल तर नंतर लगेच बेकिंग करतात का ते विचारा. प्लेटिंगमध्ये हायड्रोजन शिरून कडक पोलाद ठिसूळ होतं. या गाड्यांत प्रत्येक भागातून वजन काढलेलं आहे, त्यामुळे प्रत्येक भागाला आयुष्य आहे. १९७० साली इटलीत मोंझाला फॉर्म्युला वन ड्रायव्हर योखेन रिंटचा जीव गेला, तेव्हा लोटस ७२ चा पुढचा ब्रेक शाफ्ट तुटल्याचा निष्कर्ष निघाला. दर हिवाळ्याला क्रॅक टेस्ट करून घ्या, त्यात पैसे वाचवू नका.

जुने टायर नक्षी शिल्लक आहे म्हणून वापरू नका, रबर दगड झालेलं असतं.

सीट बेल्टवरची मुदतीची तारीख बघा.

शेवटी गिअरबॉक्स. रेसिंग गिअरबॉक्स बनवणाऱ्या ह्यूलँडने फोक्सवॅगन बीटलच्या गिअरबॉक्सचं कवच घेतलं. बीटलचं इंजिन बॉक्सच्या मागे आणि रेसिंग कारचं पुढे, त्यामुळे ते उलटं करून बसवलं. आत सिंक्रोमेश (गिअर हळुवार जुळवणारी रचना) नाही, डॉग रिंग, म्हणजे थेट एकमेकांत अडकणारे दात, आहेत. रस्त्यावरच्या सवयीने हळुवार गिअर टाकलात की दात एकमेकांवर घासून गोल होतात. इथे हात झटक्यात आणि ठाम हवा, खालचा गिअर टाकताना थ्रॉटलची थाप हवी. चालू गाडीत तिसरा गिअर आपोआप सुटायला लागला असेल तर महागडं ऑइल घालून बघू नका. आधी लिंकेजमध्ये (गिअर लिव्हरपासून बॉक्सपर्यंतच्या दांड्यांत) ढिलाई आहे का ते तपासा, आणि ते घट्ट असेल तर बॉक्स उघडा.