बेदाणा शेडमधली हवा एका पानावर कशी उतरवावी

तासगाव, कवठेमहांकाळ भागात उन्हाळ्याच्या तोंडाशी द्राक्षं रॅकवर पडली की शेडवाल्याचं अर्धं लक्ष आभाळाकडे असतं. हवा दमट झाली की माल वाळायला वेळ लागतो, रंगही उतरतो. डिझाइन किंवा इलेक्ट्रॉनिक्स कुठे शिकला नसाल, तरी सेन्सरचे पहिले प्रयोग करायला ही झकास जागा आहे.

आधी प्रश्न ठरवा. एकच. ‘शेडमधली हवा कधी दमट होते आणि किती वेळ तशी राहते?’ प्रश्न नसला की आकड्यांचा नुसता ढीग जमतो.

जोडणी. आर्डुइनो उनो (प्रोग्राम घालून चालवायचा छोटा सर्किट बोर्ड), डीएचटी२२ सेन्सर (तापमान आणि आर्द्रता मोजणारा), १० किलोओहमचा रेझिस्टर आणि चार वायरी. डीएचटी११ स्वस्त मिळतो, पण तापमानात २ अंशांपर्यंत चुकू शकतो. त्याच्या नादी लागू नका. सेन्सरची जाळी आपल्याकडे धरली की डावीकडून पहिला पाय उनोच्या ५ व्होल्टला, दुसरा डिजिटल पिन २ ला, तिसरा मोकळा, चौथा ग्राउंडला. रेझिस्टर पहिल्या दोन पायांमध्ये. सेन्सर दर २ सेकंदांनी वाचता येतो, पण शेडसाठी १० मिनिटांनी एक नोंद पुष्कळ झाली. दिवसाच्या १४४ होतात. उनोला स्वतःचं घड्याळ नसतं, म्हणून नोंदी वेळेसकट जुन्या लॅपटॉपवर उतरवा.

मिठाची परीक्षा. ही टाळू नका. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थेंबथेंब पाणी घाला. ओल्या वाळूसारखं व्हायला हवं, पाणी वर तरंगता कामा नये. झाकण आणि सेन्सर हवाबंद बरणीत रात्रभर ठेवा, एकमेकांना लागू न देता. आतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते. सेन्सर ७९ दाखवत असेल तर प्रोग्राममध्ये ४ वजा करा.

जागा. पत्र्याखाली नको, उन्हात नको. मधल्या रॅकच्या उंचीवर टांगा. गंधकाची धुरी देताना मात्र काढून ठेवा, असल्या वाफेने सेन्सर बिघडतो.

आता चित्र. सरळ रेघांचा आलेख पंधरा दिवसांत गुंतवळ होऊन बसतो. त्यापेक्षा एक्सेलमध्ये प्रत्येक दिवसाला एक ओळ, तासाला एक चौकोन आणि चौकोनात त्या तासाची सरासरी. कंडिशनल फॉरमॅटिंगने (आकड्यानुसार चौकोन आपोआप रंगवायची सोय) एकाच रंगाच्या छटा द्या: कोरडं फिकट, दमट गडद. लाल-हिरवा नको, काहींना तो फरक दिसतच नाही. पहाटेचे चौकोन गडद दिसले म्हणून लगेच घाबरू नका. हवेतली वाफ तेवढीच असली तरी हवा गार झाली की आर्द्रतेचा टक्का चढतो. म्हणून तापमानाचा तक्ता शेजारी हवाच.

कडेला पेनने लिहा: ‘ढग आले’, ‘पडदे सोडले’. माझ्या मते या नोंदी आकड्यांपेक्षा मोलाच्या.

मग कागद काही न सांगता शेडवाल्याच्या हातात द्या. त्याने एका चौकोनावर बोट ठेवून “या रात्री पडदे उघडे राहिले होते” म्हटलं, तर चित्र जमलं. “हे काय काढलंय?” म्हणाला, तर समजावत बसू नका, पुन्हा काढा.