गोव्यात बसून डेबियनचं सदस्य कसं व्हायचं

फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून बाहेर पडलेली पोरं भेटली की एक प्रश्न हमखास येतो, डेबियनची मेंबरशिप कशी मिळते, फॉर्म कुठे भरायचा? फॉर्म आहे, पण तो अगदी शेवटी येतो, आणि त्याच्या आधी जे वर्ष-दोन वर्षांचं काम लागतं तेच खरं काम, म्हणून मी इथे त्याच क्रमाने सांगतोय.

डेबियन म्हणजे लिनक्सवर उभी असलेली मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम आणि ती बनवणाऱ्या स्वयंसेवकांचा प्रकल्प, ही कंपनी नाही. 16 ऑगस्ट 1993 ला इयान मरडॉक यांनी सुरू केलेला हा प्रकल्प, आज त्याचे जगभरात हजाराच्या आसपास सदस्य आहेत, उबुंटूसुद्धा डेबियनवरच उभं आहे. फी नाही, डिग्री कोणी विचारत नाही. पण सदस्य झालेला माणूस पॅकेज, म्हणजे इन्स्टॉल करायला तयार बांधलेलं सॉफ्टवेअर, थेट अपलोड करू शकतो, आणि ते पॅकेज बँकेच्या सर्व्हरपासून शाळेतल्या लॅबपर्यंत कुठेही जाऊन बसतं, त्यामुळे एवढा हक्क कोणाच्या हातात द्यायचा हे फार जपून ठरवलं जातं. मार्च 2024 मधलं एक्सझेड प्रकरण आठवा, एक्सझेड म्हणजे फायली दाबून लहान करणारी लायब्ररी, एका टोपणनावाच्या माणसाने दोन-अडीच वर्षं गोड बोलून, चांगलं काम करून विश्वास मिळवला आणि मग त्या लायब्ररीत चोरदरवाजा घातला, तो डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबल या अजून तयार होत असलेल्या आवृत्त्यांपर्यंत पोचलाही होता. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला एसएसएचने, म्हणजे दूरच्या मशीनवर, लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त लागतोय एवढंच खटकलं आणि ते त्यांनी सोडून दिलं नाही, म्हणून सगळे वाचले. तेव्हा प्रक्रिया हळू आहे म्हणून वैतागू नका, ती तशीच हवी.

सगळ्यात आधी, स्वतः वापरा. जुना लॅपटॉप असेल तर त्यावर टेस्टिंग नाहीतर अनस्टेबल घाला, रोजच्या कामाच्या मशीनवर स्टेबल ही पक्की आवृत्तीच राहू दे. ग्राफिकल इन्स्टॉलरमध्ये मराठी भाषा निवडता येते, एकदा मुद्दाम मराठीत इन्स्टॉल करून बघा, कुठे भाषांतर अडखळतंय, कुठला शब्द चुकलाय हे लगेच दिसतं, आणि तिथेच तुमचं पहिलं काम सापडू शकतं.

मग बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका, कळवायला शिका. रिपोर्टबग नावाचं टूल त्यासाठीच आहे, पॅकेजची आवृत्ती वगैरे ते आपोआप भरतं. माझा पहिला उपयोगी पडलेला बग अक्षरांचा होता. एका फॉन्टमध्ये ‘दर्या’ बरोबर दिसायचं पण ‘दऱ्या’ लिहिलं की तो आडवा, पापणीसारखा र न येता पाय मोडलेला र आणि शेजारी सुटा या असं काहीतरी विचित्र दिसायचं. आता हिंदी लिहिणाऱ्याला हा र लागतच नाही त्यामुळे त्याच्या नजरेला ते येणार नाही, आणि युरोपातल्या मेंटेनरला, म्हणजे पॅकेज सांभाळणाऱ्याला, तर हे दोन वेगळे शब्द आहेत हेच माहीत नसतं. मी फक्त ‘मराठी तुटतंय’ एवढं लिहून सोडलं असतं तर तो बग वर्षानुवर्षं पडून राहिला असता. मी दोन्ही शब्द दिले, एकाचा अर्थ समुद्र आणि दुसऱ्याचा डोंगरांमधल्या खोल जागा हे लिहिलं, कुठली कळ कुठल्या क्रमाने दाबली ते लिहिलं, जे दिसतंय आणि जे दिसायला हवं त्या दोन्हींची चित्रं जोडली. मेंटेनरचं उत्तर आलं आणि कामाला लागायला त्याला एकही प्रश्न विचारावा लागला नाही. ल आणि श यांचंही तसंच, मराठी वळण वेगळं, आणि ते फॉन्टमध्ये भाषेप्रमाणे बदलायची सोय असते पण ती नीट चालते का हे आपल्यासारख्यांनीच बघायचं. ही कामं लहान समजू नका, आपण नाही बघितली तर दुसरं कोणी बघणार नाही.

प्रोग्रॅमिंगचं काम हवं असेल तर बग यादीत ‘न्यूकमर’ असा टॅग लावलेले बग असतात, तिथून सुरुवात करा.

पुढची पायरी पॅकेजिंग. साल्सा हे डेबियनचं गिटलॅब, म्हणजे कोड ठेवायची आणि मिळून काम करायची साइट, तिथे अकाउंट काढा, आणि एकट्याने नवीन पॅकेज आणण्यापेक्षा एखाद्या टीमला चिकटा, पायथनची आहे, फॉन्टची आहे, बरीच आहेत. सोडून दिलेली पॅकेजेस असतात, त्यांना ऑर्फन म्हणतात, त्यातलं तुम्ही खरंच वापरता असं एखादं उचला. कंट्रोल, कॉपीराइट, चेंजलॉग या फायली नीट लिहा, लिंटियन हे पॅकेजमधल्या चुका शोधणारं टूल चालवून जेवढ्या तक्रारी येतील तेवढ्या मिटवा, पॅकेज स्वच्छ वातावरणात एसबिल्ड या टूलने बांधून बघा, मग मेंटर्सच्या साइटवर चढवा आणि स्पॉन्सर शोधा. स्पॉन्सर म्हणजे असा सदस्य जो तुमचं काम तपासून स्वतःच्या सहीने अपलोड करतो. तो चुका काढेल, चार-चार वेळा परत पाठवेल, कॉपीराइट फाइलमधल्या एका वर्षावरून अडवेल. हे सगळं मनावर घ्या, म्हणजे दुरुस्त करा, रुसू नका. हाच माणूस पुढे तुमच्यासाठी शब्द टाकणार आहे.

आता किल्लीचं प्रकरण, गोव्यातल्या माणसाला सगळ्यात जास्त इथेच अडतं. जीपीजी की, म्हणजे डिजिटल सही करायचं साधन, करावी लागते, मी किल्लीच म्हणतो नाहीतर वाक्यातल्या ‘की’शी गोंधळ होतो. 4096 बिटांची करा. पूर्ण सदस्यत्वासाठी या किल्लीवर किमान दोन डेबियन डेव्हलपरांच्या, म्हणजे पूर्ण सदस्यांच्या, सह्या लागतात आणि सही करण्याआधी ते तुम्हाला प्रत्यक्ष भेटून ओळखपत्र बघतात. गोव्यात असे लोक सहज सापडत नाहीत. किल्लीवर सही द्यायला तयार असलेल्या लोकांची देशवार यादी डेबियनच्या विकीवर आहे, ती बघून बेंगळुरू किंवा पुण्याला जायचं असेल तेव्हा आधी लिहून वेळ ठरवा. मला संधी मिळाली ती सप्टेंबर 2023 मध्ये, डेबकॉन्फ, म्हणजे डेबियनची वार्षिक परिषद, कोचीला होती, 10 ते 17 तारखेपर्यंत, मडगावहून रात्रीच्या गाडीत बसलो आणि एर्नाकुलमला उतरलो, 19 ला चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, त्यामुळे परतीला घरी येणाऱ्यांची तुडुंब गर्दी.

भेटायला जाताना कागदाच्या पट्ट्या छापून न्या, प्रत्येक पट्टीवर तुमचं नाव, ईमेल आणि किल्लीचा फिंगरप्रिंट, म्हणजे तिची ओळख पटवणारा क्रमांक, चार-चार अक्षरांचे दहा गट, म्हणजे चाळीस अक्षरं. समोरचा पासपोर्ट हातात घेऊन फोटो बघतो, नाव अक्षर न् अक्षर जुळवतो, पट्टीवर खूण करतो आणि खिशात ठेवतो. सही तिथल्या तिथे होत नाही, तो घरी गेल्यावर सही करून कूटबद्ध मेलने पाठवतो, मग ती आपण आपल्या किल्लीत घालून कीसर्व्हरवर, म्हणजे सार्वजनिक किल्ल्या ठेवायच्या सर्व्हरवर, चढवायची.

आणि नावाचं बघा, खरंच बघा. आपल्याकडे गावकरचं इंग्रजी स्पेलिंग दाखल्यावर यू घालून, आधारवर डब्ल्यू घालून आणि पासपोर्टवर तिसरंच असतं. माझ्या किल्लीवर एक आणि पासपोर्टवर दुसरं होतं, त्याआधी एकाला भेटायला मुद्दाम बेळगावला गेलो होतो आणि त्याने नम्रपणे सही नाकारली, बरोबरच केलं त्याने, पण माझे सहा महिने गेले. पासपोर्टवर जे आहे तेच किल्लीवर घाला, मगच तिकीट काढा.

एवढं झालं की आधी डेबियन मेंटेनर व्हा, म्हणजे ठराविक पॅकेजेस स्वतः अपलोड करायची परवानगी मिळते. काही महिने तसं काम केलं की बहुतेक वेळा एखादा डेव्हलपर स्वतःच म्हणतो, आता अर्ज कर. तोपर्यंत थांबा. मग एनएमच्या, म्हणजे नव्या सदस्यांच्या, साइटवर अर्ज, त्यात तुम्ही कोण आणि डेबियनमध्ये काय करता ते साध्या शब्दांत लिहायचं, सामाजिक करार, मुक्त सॉफ्टवेअरची मार्गदर्शक तत्त्वं आणि मशीन वापराचे नियम मान्य असल्याचं स्वतःच्या किल्लीने सही करून द्यायचं. कोणीतरी डेव्हलपर तुमची शिफारस करतो, मग अॅप्लिकेशन मॅनेजर नेमला जातो आणि तो प्रश्न विचारतो. उदाहरणार्थ, ‘फक्त बिगर-व्यावसायिक वापरासाठी’ अशा लायसन्सचं सॉफ्टवेअर मुख्य विभागात चालेल का? नाही चालणार, कारण त्या मार्गदर्शक तत्त्वांच्या सहाव्या कलमाप्रमाणे कुठल्याही क्षेत्रातल्या वापराला मनाई करता येत नाही. पाठ करून जाऊ नका, ती तत्त्वं दोनदा शांतपणे वाचा आणि स्वतःच्या पॅकेजला लावून बघा. शेवटी मॅनेजरचा अहवाल अकाउंट मॅनेजरांकडे जातो आणि निर्णय ते देतात.

पॅकेजिंग करत नसाल, भाषांतर करता, माहिती लिहिता, कार्यक्रम उभे करता, तरी पूर्ण सदस्य होता येतं, 2010 च्या मतदानापासून तशी सोय आहे, अपलोडचा हक्क सोडला तर मताचा हक्क तोच. प्रोजेक्ट लीडरची निवडणूक दरवर्षी असते, तिथे मराठी बोलणारी मतं वाढावीत असं मला मनापासून वाटतं.

अकाउंट मिळालं की लगेच एक काम करा. किल्ली हरवली तर नव्या किल्लीसाठी पुन्हा सह्या गोळा करत फिरावं लागतं, म्हणून बॅकअप दोन ठिकाणी ठेवा आणि किल्ली रद्द करायचं प्रमाणपत्र कागदावर छापून लॅमिनेट करा. आपल्या पावसात कपाटातल्या कागदाला जुलैतच बुरशी धरते, माझं मी तांदळाच्या डब्याशेजारी, कोरड्या फळीवर ठेवलंय.