एमसीबी पडते म्हणून मोठी बसवू नका बाप्पा! घरच्या वायरिंगमधल्या या चुका टाळा

माझ्या हाताखाली दरवर्षी आयटीआय केलेली तीन-चार पोरं येतात. हुशार असतात, पण पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना फिटिंग उरकायची घाई. चुकाही दरवर्षी त्याच, सांगून सांगून तोंड दुखलं म्हणून आता लिहूनच टाकतो.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे थ्री पिनमध्ये अर्थिंगच्या जागी न्यूट्रलचा तुकडा मारणं. अर्थिंगची तार ओढलेलीच नसते, मग न्यूट्रलमधून इतकुसा लूप द्यायचा अन् टेस्ट लॅम्प लावून दाखवायचं, "बघा भाऊ, अर्थिंग लागलं." अरे राजा, लॅम्प पेटणारच ना, न्यूट्रल आहे तो! देवळीकडच्या एका खेड्यात असंच एक घर होतं. मे महिना, अवकाळीचा वारा सुटला आणि खांबावरून येणारा न्यूट्रल तुटला. पंखा बंद, बल्ब बंद, घरच्यांना वाटलं लाईन गेली, म्हणून काकू बिनधास्त कूलरमध्ये पाणी टाकाले गेल्या. पण फेज चालूच होता, तो बल्ब-पंख्यातून फिरून तुटक्या न्यूट्रलवर आला आणि लूपमधून थेट कूलरच्या पत्र्यावर. काकू बादलीसकट फेकल्या गेल्या म्हणून वाचल्या, चिकटल्या असत्या तर विचार करवत नाही. मी गेलो तेव्हा सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटत होता. अन् ते फिटिंग माझ्याकडेच शिकून गेलेल्या पोरानं केलेलं. तेव्हापासून हिरवी तार बोर्डापर्यंत आलेली दिसल्याशिवाय मी लाल-काळीला हातच लावू देत नाही, पोरं म्हणतात मास्तर खिटखिट करून राहिले, करतो.

दुसरी, एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडून लाइन तोडणारं बटन) पडते म्हणून 16 अँपिअरची काढून 32 ची बसवणं. दीड एमएमच्या वायरवर मोटर, इस्त्री अन् 2000 वॅटची सिगडी एकाच वेळी चालली तर 18-20 अँपिअर सहज जातात, एमसीबी पडू शकते, तिचं कामच ते. 32 ची टाकली की ती शांत बसते आणि पाइपातली वायर भाजते. एमसीबी वायर बघून घ्यायची, लोड बघून नाही. मी लाइटला दीड एमएम अन् 6 ची, पॉवर पॉइंटला अडीच अन् 16 ची, गिझर-एसीला चार एमएमची वेगळी लाइन, यात बदल करत नाही, मालकानं कितीही तोंड वाकडं केलं तरी.

स्विच न्यूट्रलवर टाकू नका, बटन बंद असलं तरी होल्डरात फेज राहते. पाइपात जोड नको, टेप गुंडाळून तर अजिबातच नको. काळ्या मातीत अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात भेगाळतो, बादलीभर पाणी टाकत जा.

एमसीबी वायर वाचवते, माणूस नाही. त्यासाठी 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी लागते, करंट अंगातून किंवा दुसरीकडून गळला की ती लाइन तोडते. तिच्या पुढचा न्यूट्रल दुसऱ्या लाइनच्या न्यूट्रलमध्ये मिसळला की ती लोड टाकताच पडते, मग पोरगं म्हणते आरसीसीबीच खराब अन् डायरेक्ट करून मोकळं! आधी न्यूट्रल वेगळे कर ना बे. अन् घरच्या म्हातारीला टेस्टचं बटन दाखवून ठेवतो मी, दर अमावस्येला दाबायचं, पडली तर ठीक, नाही पडली तर मला फोन.