जुन्या सेडानचं स्टेअरिंग खडखडतंय? आधी टाय रॉड बघा

पावसाळा संपला की फोंडा-म्हापसा साईडला खड्ड्यांतून गाडी नेताना पुढून टक टक आवाज येतो, स्टेअरिंग ढिलं वाटतं, टायर एकाच कडेने खातो, तर बहुतेक वेळा टाय रॉड एंडच (स्टेअरिंगचं वळण चाकाला देणाऱ्या दांड्याच्या टोकाचा जॉइंट) गेलेला असतो.

चेक करणं सोपं आहे. सपाट जागी हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा, पुढचं चाक जॅकवर उचला, खाली स्टँड द्याच, नुसत्या जॅकवर कधीच नको! चाक डाव्या-उजव्या बाजूने धरून हलवा, प्ले (ढिलेपणा) आला तर टाय रॉड एंड किंवा आतला रॅक एंड (त्याच दांड्याचा स्टेअरिंगकडचा जॉइंट) गेलाय. वर-खाली धरून हलतंय तर चाकाचं बेअरिंग किंवा बॉल जॉइंट (चाक सस्पेन्शनला जोडणारा गोल सांधा) बघा. जॉइंटवरचा रबरी बूट (कव्हर) फाटलाय का तेही बघा, त्यातून पाणी आणि रेती आत जाते, आपल्याकडे किनाऱ्याला खारी हवा, गंज लवकर धरतो.

बदलताना जुना एंड किती आटे फिरवून निघाला ते मोजा, नवा तेवढाच बसवा, स्प्लिट पिन (नट सुटू नये म्हणून घालतात ती) नवीनच घाला. मग लगेच अलाइनमेंट (चाकांचे कोन नीट लावणं) करून घ्या, हे टाळलंत तर नवे टायर पण खाल्ले जातील. प्ले जास्त असेल तर गाडी चालवूच नका, जॉइंट सुटला की चाक ताब्यात राहत नाही.